भोंगाबाईतला बिघाड

कामावर त्याला सगळे मुंगळा म्हणत. अंगाने किडकिडीत आणि रंगाने काळा, हे त्यातलं अर्धं कारण. उरलेलं अर्धं असं, की हा माणूस एकदा एखाद्या बिघाडाला चिकटला की त्याला तिथून सोडवायची कोणाची टाप नव्हती. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या कंपनीत त्याच्याहून चलाख माणसं होती, त्याच्याहून भरभर काम उरकणारी होती, आणि जेवणाच्या सुट्टीत त्याच्याहून बरं बोलणारे तर सगळेच होते. पण सगळ्यांनी हात टेकले की साहेब म्हणायचे, "सोडा मुंगळ्याला."

एका कचेरीतली लिफ्ट दुपारची, आणि फक्त दुपारचीच, सातव्या मजल्यावर दार सताड उघडं टाकून उभी राहायची. दोघांनी तिचे निम्मेअधिक भाग बदलून पाहिले. मग मुंगळा गेला. त्याने काहीच बदललं नाही. सातव्या मजल्यावर स्टूल टाकलं, डबा खाल्ला आणि दाराकडे बघत बसला. दुपार कलली तशी जिन्याच्या खिडकीतून उन्हाची तिरीप आत आली, सरकत सरकत दाराच्या सेन्सरवर पडली आणि दाराला वाटलं, कोणीतरी मधे उभं आहे. मुंगळ्याने खिडकीला पडदा लावायला सांगितला आणि घरी आला. तेव्हापासून त्याची समजूत पक्की झाली होती, आणि चहा पिता पिता ती तो सगळ्यांना ऐकवायचा: बिघाडाला कारण असतंच, सापडलं नाही तर आपण नीट पाहिलं नाही.

आता अशा माणसाला मुलगी झाली ती कशी, ते ऐका.

पहिले काही दिवस ती नुसती झोपली. दूध प्यायची, जांभई द्यायची, झोपायची. मुंगळा कामावर छाती फुगवून सांगत फिरला, "आमची पोरगी रडतच नाही. लोक उगाच बाऊ करतात." असली वाक्यं माणसाने जिभेवर आली तरी गिळून टाकावीत. पण नव्या बापाला कोण सांगणार?

मग एका संध्याकाळी, दिवे लागायच्या सुमाराला, तिने तोंड उघडलं. आधी एक लहानसा हुंदका. मग इतकी लांब शांतता की वाटावं, मिटलं. आणि मग जो सूर लागला, तो ऐकून खालच्या मजल्यावरच्या माणसाने रेडिओ बंद करून छताकडे पाहिलं. चेहरा लालबुंद, मुठी आवळलेल्या, गुडघे पोटाशी. दूध नको, मांडी नको, झोका नको, खांदा नको. घरातल्यांची जेवणं ताटात निवून गेली तरी सूर उतरेना. आणि मग जशी सुरू झाली तशीच एकदम थांबली, एक उचकी दिली आणि झोपून गेली, जसं काही झालंच नव्हतं.

दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा तेच. तिसऱ्या संध्याकाळी तेच, आणि जरा जास्त. आठवडा सरायच्या आत इमारतीने तिचं नाव ठेवून टाकलं, भोंगाबाई. कारखान्याचा भोंगा झाला की कामगार निघतात, तशी भोंगाबाई वाजली की पोरं खेळ आवरून घरी येऊ लागली. तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर तर तिच्यावर घड्याळ लावत.

मुंगळ्याने बाह्या सरसावल्या. घाबरायचं काय त्यात? त्याने बिघाड शोधायला घेतला.

लंगोट पाहिला. झबल्याच्या शिवणी उलट्या करून पाहिल्या, कुठे दोरा टोचत नाही ना. पायाच्या बोटांना केस गुंडाळला गेला नाही ना, हे तो रोज भिंगातून पाही. खोलीत गरम होतंय का, गार होतंय का, दिवा डोळ्यावर येतो का, पंखा कुरकुरतो का, आपल्या दाढीच्या साबणाचा वास येतो का. त्याच्या धंद्याचा नियम असा, की एका वेळी एकच गोष्ट बदलायची. म्हणजे नेमकं कशाने सुटलं ते कळतं. म्हणून एका संध्याकाळी पंखा बंद, दुसऱ्या संध्याकाळी दिवा बंद, तिसऱ्या संध्याकाळी साबण बंद. साबण बंद झाल्यापासून तो कामावर दाढी वाढवून जाऊ लागला आणि साहेबांनी त्याला बाजूला घेऊन घरी सगळं ठीक आहे ना, असं हळूच विचारलं.

एकदा बाळ रडत असताना त्याने सहज म्हणून फ्रिजचं बटण बंद केलं, आणि भोंगाबाई चूप! मुंगळ्याने आनंदाने टाळी वाजवली. फ्रिजची घरघर! तरीच! दुसऱ्या दिवशी दुपारीच त्याने फ्रिज बंद करून ठेवला. संध्याकाळपर्यंत दूध नासलं, बर्फाचं पाणी स्वयंपाकघरभर झालं, आणि त्या पाण्यात उभं राहून तो, त्याची बायको आणि आई अशा तिघांनी नेहमीचा भोंगा ऐकला.

मग हेल्मेटचं प्रकरण. कामावरून आलेला मुंगळा पुढे दिवा असलेलं हेल्मेट काढायला विसरला आणि तसाच पाळण्यात वाकला. ती रडता रडता थांबली आणि टकामका बघत राहिली. झालं! पुढच्या दोन संध्याकाळी घरात सगळ्यांनी हेल्मेट घालून जेवायचं ठरलं. त्याच्या आईला ते मोठं व्हायचं, घास तोंडात घालायच्या आधी एका हाताने ते मागे सारावं लागे. भोंगाबाईने तिन्ही हेल्मेटांकडे एकदा नीट बघून घेतलं आणि सूर लावला.

त्याची आई यांच्याकडेच राहायची. तिला एका कानाने जवळजवळ ऐकू येत नसे, आणि बाळ रडायला लागलं की ती त्याला नेमकी त्याच बाजूच्या खांद्यावर घ्यायची. मग निवांत फेऱ्या घालत, बेसूर गाणी म्हणत फिरायची. या घरात सगळ्यात जास्त वेळ न चिडता बाळ घेणारी तीच होती.

"सगळी मुलं रडतात रे," ती म्हणायची. "तूही असाच रडायचास."

"मग माझ्यात काय बिघाड होता?"

"तो अजून सापडला नाहीये," आई म्हणायची आणि पुढची फेरी घालायची.

आता त्याच्या बायकोबद्दल. ती मोटार चालवायला शिकवायची. शिकाऊ मंडळी विजेच्या खांबावर, फळांच्या गाडीवर, एकदा तर थेट पोलीस चौकीच्या दारावर गाडी घालायला निघायची, आणि ती शेजारच्या सीटवरून, चहा घेणार का विचारावं अशा सुरात म्हणायची, "ब्रेक. छान. आता श्वास घ्या." तिचा आवाज चढलेला कोणी ऐकला नव्हता. मुंगळा तिच्या प्रेमात पडला तो त्या आवाजामुळेच. तो स्वतः तिच्याकडे गाडी शिकायला गेला होता आणि लवकर शिकून झालं तर काय, या भीतीने मुद्दाम चुका करायचा.

हेल्मेट घालून जेवताना ती पोट धरधरून हसली होती. पण मग ती हसायची बंद झाली, आणि मुंगळ्याच्या ते ध्यानात आलं नाही. त्याचं ध्यान बिघाडात होतं. पंखा झाला, दिवा झाला, साबण झाला, फ्रिज झाला. मग उरलं काय? दूध. आणि दूध कोणाचं?

"आज काय काय खाल्लंस?" तो दारातून आत येता येता विचारायचा. "पाजताना कुठल्या कुशीवर होतीस? मघाशी धरलंस ते असंच धरलं होतंस का?" तो हे प्रेमानेच विचारायचा, ज्या आवाजात तो मशीनरूममध्ये मोटरशी बोलायचा त्याच आवाजात. आधी तिची अंडी बंद झाली, मग कोबी, मग वाटाणे. ज्या दिवशी चहा बंद झाला त्या दिवशी आई म्हणाली, "अरे, तिने खायचं तरी काय? हवा?"

बायकोने कप उलटा करून फळीवर ठेवला. अलीकडे दुपार सरली की तिचे खांदे आपोआप वर चढायचे आणि बाळ उचलताना ती आधी डोळे मिटून घ्यायची.

शेवटी डॉक्टर बाईंकडे नेलं. बाईंनी भोंगाबाईला डोक्यापासून टाचेपर्यंत तपासलं, पोट दाबलं, कानात पाहिलं, वजन केलं आणि म्हणाल्या, "छान आहे. काही झालेलं नाही."

"काही झालेलं नाही म्हणजे?" मुंगळा म्हणाला. "मग रडते का?"

"काही बाळं या वयात अशी रडतात. का, ते नेमकं आम्हालाही सांगता येत नाही. काही आठवड्यांत आपोआप कमी होतं. ताप आला, दूध तोडलं, मलूल पडली, रडणं नेहमीपेक्षा वेगळं वाटलं, तर तडक घेऊन या. नाहीतर आळीपाळीने घ्या तिला. आणि एक लक्षात ठेवा." इथे बाईंनी दोघांकडे पाळीपाळीने पाहिलं. "डोकं फिरायची वेळ आली तर तिला पाळण्यात उताणी ठेवा, दार लोटून घ्या आणि बाहेर जाऊन पाणी प्या. थोडं रडून बाळाला काही होत नाही. पण रागाच्या भरात कधी गदागदा हलवायचं नाही. कधीच नाही."

मुंगळ्याने मान हलवली, पण मनात म्हणाला, बाईंनी नीट पाहिलं नाही.

परत येताना बायको गाडी चालवत होती. चौकात हिरवा दिवा लागला आणि ती थांबली. मागचे हॉर्न वाजवायला लागले तरी थांबलेलीच.

"हिरवा आहे ग," तो म्हणाला.

"हो का?" ती म्हणाली आणि गाडी पुढे काढली. थोड्या वेळाने, रस्त्यावरची नजर न काढता, म्हणाली, "बाकी सगळं तू तपासलंस. म्हणजे माझ्यातच काहीतरी असणार."

या जागी नवऱ्याने काय बोलायला हवं होतं ते कोणालाही सांगता येईल. मुंगळा म्हणाला, "तसं नाही ग," आणि विचारात पडला. विचारात पडला तो असा, की तेवढं एक तपासायचं राहिलंय खरं.

तुम्हाला त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटेल. मलाही वाटली होती. पण त्याच्या बाजूने एवढं सांगतो, की त्याच्या मनात पाप नव्हतं. लिफ्टमधला एकेक भाग काढून बघायचा, ज्याच्याशिवाय ती नीट चालते तो भाग खराब, इतका साधा हिशेब. लिफ्टच्या भागांना मन नसतं, हे त्याच्या डोक्यात आलंच नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळ व्हायला आली तेव्हा तो बायकोला म्हणाला, "आज असं करू. तू जरा खाली जाऊन बस. मी आणि आई घेतो तिला. बघू या काय होतं."

तिने बाळाला पाजलं, त्याच्या हातात दिलं, गाडीची किल्ली घेतली आणि गेली.

दिवे लागायची वेळ झाली. मुंगळा बाळाला खांद्यावर घेऊन उभा होता, आई समोर वाटाणे सोलत होती. भोंगाबाईने एक जांभई दिली. खिडकीकडे पाहिलं. आपला अंगठा तोंडात घालायचा प्रयत्न केला, तो जमला नाही, नाकात गेला. पण रडली नाही. रोजची वेळ आली, टळून गेली, पोस्टमास्तरांचं घड्याळ त्या दिवशी चुकलं असणार, पण पोरीने हूं की चूं केलं नाही.

मुंगळ्याचा चेहरा उजळला. सापडलं!

"मग?" आई म्हणाली. "काय निघालं?"

"बघ ना, रडली नाही!"

"ते दिसतंय. आता पुढे काय? सून बदलून आणायची?"

मुंगळ्याने बाळाकडे पाहिलं, मग दाराकडे. एवढा वेळ जे त्याला दिसलं नव्हतं ते आता एकदम सगळं दिसलं: फळीवर उलटा ठेवलेला कप, हिरव्या दिव्याला थांबलेली गाडी, आणि ती आत्ता खाली बसली असेल ती, अंधारात, एकटी, वरच्या खिडकीतून आवाज येतो का ऐकत. आवाज येत नव्हता. त्याने मोठ्या हौसेने काय सिद्ध करून ठेवलं होतं ते तिला खाली ऐकू येत होतं.

"फ्रिजच्या वेळीही अशीच गप्प बसली होती," तो स्वतःशीच पुटपुटला.

"तेच म्हणते मी," आई म्हणाली.

तो निघाला. पायात चप्पल नाही, खिशात फोन नाही, बाळ खांद्यावर, तसाच लिफ्टमध्ये शिरला. त्यांच्या इमारतीतली लिफ्ट त्याच्याकडे असलेल्या लिफ्टांमध्ये सगळ्यात म्हातारी. दोन्ही बाजूंना सरकणारी जाळीची दारं, कुरकुरत चालायची, पण त्याने लेकीसारखी जपली होती. त्याने तळमजल्याचं बटण दाबलं. पाचवा गेला, चौथा गेला, तिसरा निम्माअधिक गेला, आणि खाड्कन वीज गेली.

लिफ्ट जागच्या जागी थांबली. छतातला बॅटरीचा बारका दिवा लागला. भोंगाबाई दचकली, एक लहानसा हुंदका दिला, मग ती लांब शांतता, आणि मग असा सूर लागला की आजवरचे सगळे सूर नुसते घसा साफ करण्यापुरते होते असं वाटावं. त्या उंच पोकळीत तो खाली-वर, सगळ्या मजल्यांवर घुमला.

तिसऱ्या मजल्यावरचे पोस्टमास्तर टॉर्च घेऊन बाहेर आले. लिफ्ट त्यांच्या मजल्याच्या दोन-तीन हात खाली अडकली होती. जाळीतून त्यांना आतल्या माणसाचं फक्त खांद्यापासून वरचं दिसत होतं.

"आत कोण आहे?"

"मी आहे."

"मी कोण?"

"लिफ्टवाला."

"मग लिफ्टवाल्याला बोलावू का?" पोस्टमास्तरांनी विचारलं, आणि आपण काय बोललो ते कळायला त्यांना जरा वेळ लागला.

तेवढ्यात जिन्यावरून धावत बायको आली. अंधारात, खालपासून, एका दमात. जाळीशी येऊन ती जमिनीवरच बसली, म्हणजे दोघांचे चेहरे अगदी समोरासमोर आले. मधे जाळीची दोन दारं आणि कानठळ्या बसवणारी त्यांची लेक.

"लागलं का कुठे? तिला? तुला?"

"नाही, नाही. काही झालेलं नाही."

"मग उघड ना."

"उघडायचं नाही. अधांतरी थांबलेल्या लिफ्टमधून कोणाला काढायचं नसतं. मशीनरूममधून हाताने खाली घेता येते, पण ते काम फक्त मला येतं, आणि किल्ली ही इथे माझ्या खिशात आहे."

"मग दुरुस्त कर आतून."

"काय दुरुस्त करू? बिघाडच नाहीये. वीज गेलीय. येईल तेव्हा येईल."

हे बोलला आणि आपलेच शब्द त्याला नव्याने ऐकू आले. आता दोघांमध्ये फक्त लेक बोलत होती, जीव तोडून. मुंगळ्याकडे पक्कड नव्हती, टेस्टर नव्हता, बदलून बघायला काही म्हणजे काही नव्हतं. त्याने प्रथमच, काही न शोधता, तिच्या तोंडाकडे पाहिलं. इवलीशी हनुवटी थरथरत होती. बिचारी रडत होती, आणि तो तिला घेऊन उभा होता, इतकंच. त्याला तिची भयंकर माया आली.

"रडतेय," बायको म्हणाली.

"हो."

"तुझ्याकडे रडतेय."

"केव्हाची."

"मी नसताना."

"तू नसताना. आज घरात नाही रडली कारण आज नाही रडली, बस. त्याला अर्थ नाही. उद्या फ्रिजवर आळ येईल, परवा माझ्यावर. तुला सांगायलाच खाली येत होतो." त्याने जाळीला कपाळ टेकलं. "मी गाढव आहे. फ्रिज बंद करून बघावा तसं तुला बंद करून बघितलं. तुला बाहेर पाठवायला नको होतं ग."

"काच खाली करून बसले होते," बायको म्हणाली. "आवाज येईल म्हणून वाट बघत होते. येईचना. म्हटलं झालं, आता कळलं सगळ्यांना." तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि त्याच वेळी तिला हसूही फुटलं, बरेच दिवस कोंडून ठेवलेलं हसू, ते काही केल्या आवरेना. "मग लाइट गेली आणि ही वाजली. अख्ख्या इमारतीत वाजली! जिन्यात मी काय म्हणत आले सांगू? वाज, म्हटलं, वाज बाई, अजून जोरात वाज."

मग तिने पदर म्हणा, ओढणी म्हणा, जे हाताला लागलं त्याने डोळे पुसले आणि बसल्या जागी ताठ झाली. तिचा तो आवाज परत आला. इतक्या दिवसांनी मुंगळ्याने तो ऐकला.

"आता मी सांगते तसं करायचं," ती म्हणाली. शिकाऊंशी बोलायच्या सवयीने ती त्याला अहोजाहो करू लागली होती. "खांदे खाली घ्या. मान मोकळी. तिला इतकं आवळून धरू नका, स्टिअरिंग नाहीये ते. छान. आता श्वास घ्या. गाडी बंद पडलीये, आपण नाही."

मुंगळ्याने श्वास घेतला. पोस्टमास्तरांनीही घेतला.

तोवर मजल्यामजल्यांवरून माणसं जमली होती, आणि प्रत्येकाकडे एकेक उपाय. पोस्टमास्तरांनी किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवला. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी तोंडाने शीळ घातली. कोणी म्हणालं उताणी धरा, कोणी म्हणालं पालथी धरा. एक आजोबा टॉर्च हनुवटीखाली धरून माकडासारखी तोंडं करू लागले. त्याने बाकी सगळी पोरं घाबरून रडायला लागली. भोंगाबाईने कोणाला दाद दिली नाही. हळूहळू सगळ्यांचे उपाय संपले आणि माणसं जिन्याच्या पायऱ्यांवर ऐसपैस बसली, गप्पा मारायला लागली. रडणं चालू होतं; त्यावरून जरा मोठ्याने बोलावं लागे, एवढंच. मुंगळ्याची आईही वरून उतरली आणि ऐकू न येणारा कान लिफ्टकडे करून पहिल्या पायरीवर बसली. कोणीतरी थर्मासमधून चहा आणला. पेला जाळीतून जाईना, तेव्हा मुंगळ्याला स्ट्रॉने पाजला. बायकोने चहा घेतला. पुन्हा मागून घेतला. मुंगळ्याने ते जाळीतून पाहिलं आणि तोंडातून चकार शब्द काढला नाही.

मधून मधून बायको दोन बोटं जाळीतून आत घालून लेकीच्या मुठीला लावायची. त्याने रडणं थांबायचं नाही. तरी ती बोटं काढायची नाही.

डॉक्टर बाई म्हणाल्या होत्या तसंच पुढे झालं. काही आठवड्यांनी भोंगा आखूड झाला, मग एक दिवसाआड झाला, आणि मग नेमका कोणत्या संध्याकाळी बंद पडला ते घरात कोणाला आठवतही नाही. तोवर तिघांनी पाळ्या लावून घेतल्या. ज्याचा जीव उबगेल त्याने बाळ दुसऱ्याच्या हातात द्यायचं आणि सरळ बाहेर पडायचं, कोणी कोणाला काही विचारायचं नाही. बायको तिच्या सुट्टीत गाडी काढून गावाला मोठी चक्कर मारून यायची आणि परत यायची ती गाणं म्हणत. पण हे सगळं नंतरचं.

त्या संध्याकाळी वीज आली तेव्हा पायऱ्यांवरच्या सगळ्यांनी एकच आरडाओरडा केला. मुंगळ्याने बटण दाबलं, लिफ्ट कुरकुरत दोन-तीन हात वर चढली आणि तिसऱ्या मजल्याला लागून उभी राहिली. दोन्ही जाळ्या सरकल्या. बायको उठून उभी राहिली आणि तिने हात पुढे केले.

"राहू दे," मुंगळा म्हणाला. "मीच घेतो अजून थोडा वेळ. तू दमलीयेस. आणि ही थांबली नाहीये अजून."

"थांबली नाही ते मलाही ऐकू येतंय," ती म्हणाली. "तरी हवीये मला."

या वेळी तिने डोळे मिटून घेतले नाहीत. तिने ते तांबडंलाल, ओलंचिंब, हातपाय झाडणारं गाठोडं छातीशी घेतलं, आणि भोंगाबाईने आईच्या कानात, अगदी कानात, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. बायकोने तिच्या गालाचा मुका घेतला. "रड," ती म्हणाली. "मी आहे इथे. तुझं होऊ दे सावकाश."

मुंगळ्याने आनंदाने आईला हात दिला आणि दोघं बायकोच्या मागून जिना चढू लागली.

लिफ्ट चालू झाली होती, पण त्या वेळी ती कोणाला आठवली नाही.